सेनापती व्लादिस्लाव आंदेर्स

कोल्हापूर शहरापासून थोड्या अंतरावर वळिवडे नावाचे गाव आहे व त्यास लागूनच गांधीनगर ही कापडाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांनी ती पेठ वसविली, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु सिंधी मंडळी येण्यापूर्वी त्याच भूमीवर पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासित इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत राहून गेले, हे आमच्या लोकांपैकी थोड्यांसच माहीत आहे. ते बहुतेक सर्व आपल्याच ख्रिस्तसभेचे, म्हणजे कॅथोलिक होते. त्यांत स्त्रिया, वृद्ध व मुले यांचाच भरणा अधिक होता. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, नाटके करण्याची जागा आणि प्रार्थनामंदिर असा एक लहानसा पोलंडच तेथे उभा राहिला होता. आसपासच्या दुकानदारांनी व्यवहारापुरती त्यांची भाषाही शिकून घेतली होती. त्या निर्वासितांपैकी काहीजण आमच्या महाराष्ट्राच्या मातीतच कायमचे विसावले आहेत.

उत्तर रशियातील व सैबेरियातील बर्फातून ही माणसे कोल्हापूरच्या उन्हात कशी येऊन पोहोचली, याचा शोध घेऊ लागल्यास एका सेनापतीचे नाव पुढे येते. त्याचे चरित्र या महोत्सवी स्मरणिकेत द्यावे, असे आम्हांस वाटले. हा पुरुष संत नव्हे व त्यास वेदीवर बसविण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु हजारो निरपराध माणसे एका राज्यसत्तेने गुपचूप मारिली असता, ती माणसे कोठे आहेत हा प्रश्न त्या सत्तेच्या मुख्य पुरुषास समोर बसून विचारणाऱ्यांत हा एक होता. आणि उत्तर मिळाले नाही म्हणून त्याने तो प्रश्न मरेपर्यंत सोडिला नाही. एवढ्यासाठी त्याचे चरित्र वाचावयाचे.

व्लादिस्लाव आंदेर्स यांचा जन्म ११ ऑगस्ट १८९२ रोजी मध्य पोलंडमधील ब्वोन्ये या गावी झाला. त्या काळी पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हतेच. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी त्याचे तुकडे वाटून घेतले होते व ब्वोन्ये हे रशियाच्या वाट्यास गेले होते. आंदेर्स यांचे घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. रीगा येथील तंत्रविद्यालयात त्यांनी काही काळ अध्ययन केले. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा रशियन बादशहाच्या घोडदळात अधिकारी म्हणून ते लढले व अनेकदा जखमी झाले. परक्या राजाच्या फौजेत राहून पराक्रम गाजविणे ही गोष्ट आम्हा हिंदी लोकांस नवी नाही. इ. स. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला आणि आंदेर्स आपल्या राष्ट्राच्या सैन्यात दाखल झाले. पोझ्नान येथील उलान पलटणीचे, म्हणजे भालाईत घोडेस्वारांचे, नायकत्व त्यांजकडे आले व १९१९-२० च्या युद्धात बोल्शेविकांच्या लाल सैन्याशी त्यांची पहिली गाठ पडली. पुढे पॅरिस येथील युद्धविद्यालयात शिक्षण, १९२६ च्या लष्करी बंडाच्या वेळी कायदेशीर सरकारच्या बाजूस उभे राहणे, १९३४ साली जनरलचा हुद्दा, ही त्यांच्या मधल्या आयुष्याची पाने आहेत. ती उलटून आम्ही पुढे जातो.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्को येथे जर्मनी व सोव्हिएट रशिया यांच्यात करार झाला. जगास दाखविण्याचा करार एक व आतला गुप्त मजकूर दुसरा, असा तो प्रकार होता. गुप्त मजकुरात पोलंडची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलरच्या फौजा आत शिरल्या व १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनच्या. आंदेर्स यांचे घोडदळ दोघांच्या कात्रीत सापडले. हंगेरीची सीमा गाठण्याच्या प्रयत्नात असता सप्टेंबरच्या अखेरीस ते जखमी अवस्थेत लाल सैन्याच्या हाती पडले. प्रथम ल्वूव शहराच्या तुरुंगात व नंतर मॉस्कोच्या लुब्यांका नावाच्या कुप्रसिद्ध कारागृहात मिळून सुमारे बावीस महिने त्यांनी काढले. जखमा नीट भरल्या नव्हत्या, चालताना आधार घ्यावा लागे, चौकशा चालूच असत.

ते कोठडीत होते त्या काळात बाहेर त्यांच्या लोकांवर काय गुदरले, हे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कारण वळिवड्याच्या कथेचे मूळ तेथेच आहे. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधील गावोगावी रात्री दारे ठोठावण्यात आली. शेतकरी, वनरक्षक, जुने सैनिक यांच्या कुटुंबांस थोडासा अवधी देऊन हाताशी येईल तेवढे सामान घेण्यास फर्माविले व गुरांच्या वाघिणींत कोंबून उत्तर रशिया व सैबेरियाकडे रवाना केले. एप्रिल महिन्यात दुसरी खेप निघाली. तीत मुख्यतः आधीच पकडलेल्या पुरुषांच्या बायका, मुले व आईबाप होते व त्यांची रवानगी कझाकस्तानच्या माळरानावर झाली. जून १९४० मध्ये तिसरी आणि जून १९४१ मध्ये चौथी. पूर्वीचे पोलिश लेखक या लोकांची संख्या दहा लाखांहून अधिक धरीत. सोव्हिएट दप्तरे उघडल्यावर या चार खेपांतील माणसांचा आकडा सुमारे ३,२०,००० असा निघतो. तुरुंगांत व छावण्यांत टाकलेले लोक त्याहून वेगळे. आमच्या सिन्नर तालुक्यातील कोरडवाहू भागात पोटासाठी गाव सोडणे काय असते, हे आम्ही जाणतो. पाऊस दडी मारितो, विहिरी आटतात, बिऱ्हाड पाठीवर घेऊन माणसे बाहेर पडतात. तरी मृगाच्या सुमारास ती परततात व गावही त्यांची वाट पाहत असते. या लोकांस परतण्याची तारीख कोणी सांगितली नव्हती. अपराध विचारला तर तोही सांगितला नव्हता.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने आपल्या भागीदारावरच चाल केली आणि पट फिरला. कालचा वैरी आज मित्र झाला. ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकारचे मुख्य जनरल सिकोर्स्की यांनी सोव्हिएट सरकारशी करार केला. त्यान्वये पकडलेल्या पोलिश लोकांस सोडावयाचे व त्यांतून सैन्य उभारावयाचे असे ठरले. करारात या सुटकेस माफी असा शब्द योजिला होता. ज्यांनी गुन्हा केला नाही त्यांस माफी, हा शब्दप्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. ४ ऑगस्ट रोजी आंदेर्स लुब्यांकातून बाहेर आले ते कैद्याचे एकदम सरसेनापती होऊनच.

बुझुलुक या गावी त्यांनी ठाणे मांडिले. बातमी कानोकानी पसरली आणि छावण्यांतून, खाणींतून, जंगलांतून माणसे त्यांच्याकडे चालत, रेल्वेने, मिळेल त्या मार्गाने येऊ लागली. अंगावर चिंध्या, पायांस बोचकी बांधलेली, कित्येक वाटेतच मेलेले. टायफसची साथ होती. सैनिकांपुरता येणारा शिधा सैनिकांनी आपणांबरोबर आलेल्या बायकामुलांत वाटून खाल्ला. अशा स्थितीत पलटणी उभारण्याचे काम चालले असता आंदेर्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. शिपाई येत होते, शेतकरी येत होते, विधवा व पोरकी मुले येत होती. अधिकारी मात्र येत नव्हते. इ. स. १९३९ मध्ये कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क व ओस्ताश्कोव्ह या तीन ठिकाणी सुमारे १५,००० अधिकारी, पोलीस व अन्य कैदी ठेविल्याचे ठाऊक होते. त्यांत डॉक्टर, वकील, अध्यापक, अभियंते होते, धर्मगुरूही होते. त्यांची घरी येणारी पत्रे १९४० च्या वसंत ऋतूत एकाएकी बंद झाली होती. त्या सर्वांपैकी चारशेच्या आसपास माणसे काय ती दृष्टीस पडली.

आंदेर्स यांनी याद्या करविल्या. जो कोणी येईल त्यास विचारावयाचे की, तू कोणास कोठे शेवटचे पाहिलेस. आणि ते लिहून ठेवावयाचे. हे काम त्यांनी युझेफ चाप्स्की या चित्रकार अधिकाऱ्याकडे सोपविले. चाप्स्की स्वतः स्तारोबेल्स्कच्या छावणीतून वाचलेले असल्यामुळे कित्येक चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत हिंडले, मॉस्कोसही जाऊन आले. सर्वत्र खांदे उडविण्यात आले.

येथे आम्हांस आमच्या स्वतःच्या दप्तराची आठवण होते. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. मृत्यूच्या वहीत नाव लागते, दिनांक लागतो, कोठे पुरले ते लागते. गरिबातल्या गरीब मजुराचीही नोंद तीत होते व ती पुसण्याचा अधिकार कोणास नसतो. पंधरा हजार माणसांच्या पुढे दिनांकही नाही व जागाही नाही, अशी वही ज्याच्या हाती आली त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ही गोष्ट धर्मगुरूस चटकन समजते.

३ डिसेंबर १९४१ रोजी क्रेमलिनमध्ये सिकोर्स्की व आंदेर्स स्टालिनला भेटले. सिकोर्स्कींनी बेपत्ता अधिकाऱ्यांपैकी सुमारे चार हजारांच्या नावांची यादी बरोबर नेली होती. ही माणसे कोठे आहेत, असे उभयतांनी विचारिले. स्टालिनने सांगितले की, सर्वांस सोडण्यात आले आहे, ती पळून गेली असतील. कोठे पळाली, असे विचारता त्याने मांचुरियाचे नाव घेतले. रशियाच्या पश्चिम टोकाकडील छावण्यांतून हजारो कैदी कोणाच्याही दृष्टीस न पडता चीनच्या सीमेपर्यंत जातात, हे उत्तर पोरासही पटणारे नव्हते. आज आपणांस ठाऊक आहे की, ५ मार्च १९४० च्या ज्या ठरावाने ती माणसे गोळ्या घालून मारण्याची आज्ञा झाली, त्यावर त्याच गृहस्थाची सही होती. आंदेर्स यांनी १८ मार्च १९४२ रोजी पुन्हा भेट घेतली. त्या भेटीत शिधा कमी करण्याचा विषय मुख्य होता. तरी बेपत्ता माणसांचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढिलाच. उत्तर मिळाले नाही.

आता या देशात राहिल्यास आपले लोक उपाशी मरतील, अशी आंदेर्स यांची खात्री झाली. सैन्य बाहेर काढावे आणि सैन्याच्या आडोशाने जेवढी बायकामुले निघतील तेवढी काढावी, असा त्यांनी निश्चय केला. याविषयी त्यांच्यावर टीका झाली. सिकोर्स्की यांच्या मनात सैन्याचा काही भाग रशियाच्या आघाडीवर राहावा असे होते. परंतु इ. स. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये व पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्रावरील क्रास्नोवोद्स्क बंदरातून गच्च भरलेली जहाजे इराणच्या पहलवी बंदरास लागली. एकंदर सुमारे १,१५,००० माणसे बाहेर पडली; त्यांत सुमारे ३७,००० नागरिक होते. कित्येकांस किनाऱ्यावर पाय ठेवल्यानंतर मृत्यू आला. तेहरान येथील दूलाब दफनभूमीत सुमारे दोन हजार पोलिश कबरी आहेत. जी जगली त्यांपैकी काही आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, आणि काही आमच्याकडे. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांस आश्रय दिला व पुढील वर्षी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची वसाहत उभी राहिली. पाचगणीच्या हवेत दुबळ्या प्रकृतीच्या मुलांस ठेवण्यात आले. वळिवड्याच्या कित्येक घरांतील बाप वा वडील भाऊ आंदेर्स यांच्या फौजेत होता. त्याच्या पत्राची वाट पाहणे हा तेथील नित्यक्रम होता. ज्यांस कोणाचेच पत्र यावयाचे नव्हते, अशाही स्त्रिया त्यांत होत्या.

याच वर्षी आंदेर्स यांनी कॅथोलिक धर्मात प्रवेश केला.

त्यांच्या फौजेविषयी दुसरी एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. सैन्यात भरती होताना आपणांस डावलण्यात आले, जहाजावर जागा देण्यात आली नाही, अशी यहुदी निर्वासितांची तक्रार होती व ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तरी काही हजार यहुदी या फौजेबरोबर बाहेर पडले. फौज पॅलेस्टाइनमध्ये पोहोचली असता त्यांपैकी सुमारे तीन हजार सैनिक तेथेच उतरून राहिले व त्यांचा पाठलाग करविण्याचे आंदेर्स यांनी नाकारिले. इस्राएलचे पुढील पंतप्रधान मेनाखेम बेगिन हे याच फौजेतून तेथे आले.

१३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन नभोवाणीने जगास सांगितले की, स्मोलेन्स्कजवळील कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली आहेत. चार हजारांहून अधिक प्रेते होती. मानेत मागून गोळी घातलेली, कित्येकांचे हात बांधलेले, अंगावर थंडीचे कोट. खिशांतील पत्रे, रोजनिशा व वर्तमानपत्रे १९४० च्या एप्रिल-मे महिन्यांशी येऊन थांबत होती. आंदेर्स त्या वेळी फौजेसह इराकात होते. आपल्या यादीतील नावे कोठे गेली, याचा अर्थ त्यांस तत्काळ कळला.

येथे एक मोठे संकट होते व त्याचा विचार वाचकांनी स्वस्थपणे करावा. ही बातमी सांगणारा कोण? ज्याने स्वतः पोलंडमध्ये यहुद्यांच्या संहाराच्या भट्ट्या पेटविल्या होत्या तो. मित्रराष्ट्रांत फूट पाडणे हाच त्याचा हेतू होता. खोटे बोलण्यात ज्याचा हातखंडा त्याच्या तोंडून त्या दिवशी खरे निघाले, आणि ऐकणाऱ्यांस ते सोयीचे नव्हते. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशीची विनंती केली. एवढ्यावरून सोव्हिएट सरकारने २५ एप्रिल रोजी त्यांच्याशी संबंध तोडिले. ब्रिटिश राजदूत ओवेन ओ'मॅली यांनी मे महिन्यात पुरावा तपासून सोव्हिएट सत्तेकडेच बोट दाखविणारा अहवाल आपल्या सरकारास दिला. तो गुप्त ठेवण्यात आला. युद्ध जिंकावयाचे होते आणि लाल सैन्यावाचून ते जिंकता येत नव्हते. हे कारण आम्ही समजू शकतो. युद्ध संपल्यावरही मौन का चालले, याचे समाधानकारक कारण आम्हांस सापडलेले नाही. न्युरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएट वकिलांनी हे हत्याकांड जर्मनांच्या माथी मारू पाहिले. पुरावा टिकला नाही, तेव्हा निकालपत्रात कातिनचा शब्दच आला नाही.

असे असता आंदेर्स यांनी फौज युद्धातून काढून घेतली नाही. इटलीमध्ये मोन्ते कासिनोच्या डोंगरावर संत बेनेडिक्टने इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिलेला मठ आहे. पाश्चात्य मठवासीयांचे ते माहेरच होय. त्या डोंगरावर जर्मनांनी रोमचा रस्ता अडविला होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला, पण डोंगर हाती आला नाही. चौथ्या हिंदी डिव्हिजनने तेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये फार रक्त सांडिले. मे महिन्यात वरच्या कड्यांवर आंदेर्स यांची पोलिश फौज व खालच्या नदीवर आठवी हिंदी डिव्हिजन, अशी रचना होती. या हिंदी डिव्हिजनमध्ये आमची मराठा पलटणही होती. १८ मे रोजी पोलिश निशाण मठाच्या भग्न भिंतींवर चढले. पुढे १९४५ च्या ९ एप्रिल रोजी सेनिओ नदीवर शेवटची मोठी चढाई झाली, तेव्हाही पोलिश व हिंदी फौजा एकाच आघाडीवर होत्या. त्याच दिवशी त्याच नदीवर, आमच्या शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. सिन्नरच्या वाचकास आंदेर्स यांची लढाई परक्याची वाटू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

परंतु या दोन तारखांच्या मध्ये, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियास देऊन टाकिला. आंदेर्स यांच्या शिपायांपैकी बहुतेकांची घरे तेथेच होती. मोन्ते कासिनोवर पोलंडसाठी मेलेल्यांचे गाव पोलंडमध्ये राहिले नाही. सेनापतीने आपला संताप चर्चिल यांच्यापुढे बोलून दाखविला, आणि तरीही बोलोन्या शहर जिंकून दिले. जून १९४६ मध्ये लंडनात विजयाचा सोहळा झाला, त्यात या फौजेस स्थान नव्हते. सप्टेंबर १९४६ मध्ये वॉर्सातील कम्युनिस्ट सरकारने आंदेर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले.

त्यानंतरची चोवीस वर्षे त्यांनी लंडनात परागंदा स्थितीत काढिली. त्यांच्या गृहजीवनाविषयी आम्ही विशेष लिहीत नाही. पहिला विवाह मोडून १९४८ साली त्यांनी दुसरा केला, व तो भाग अनुकरणीय म्हणून आम्ही कोणापुढे ठेवणार नाही. ज्या कामासाठी हे चरित्र लिहावयास घेतले ते मात्र त्यांनी टाकिले नाही. १९४८ साली कातिनविषयीचा साधार ग्रंथ परागंदा पोलिशांनी प्रसिद्ध केला, त्यास आंदेर्स यांची प्रस्तावना होती. १९५२ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली, तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या समितीने दोष सोव्हिएट सत्तेवर ठेविला. १२ मे १९७० रोजी त्यांचे लंडन येथे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांस मोन्ते कासिनो येथे, आपल्या हजाराहून अधिक शिपायांच्या मध्ये पुरण्यात आले.

त्यांच्या मागे काय घडले ते सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. पोलंडमध्ये कातिनच्या मृतांविषयी सर्व तंटा एका अंकाचा होता. त्या भागात जर्मन सैन्य १९४१ मध्ये आले. म्हणून थडग्यावर १९४१ लिहिले तर दोष जर्मनांचा आणि १९४० लिहिले तर सोव्हिएटांचा. सरकारास १९४१ हवे होते. आपल्या पित्याच्या नावापुढे खरे साल कोरणाऱ्यास त्रास भोगावा लागे. जुलै १९८१ मध्ये वॉर्सातील पोवाँझ्की दफनभूमीत १९४० हा अंक असलेला क्रूस काही लोकांनी उभा केला; गुप्त पोलिसांनी तो त्याच रात्री उचलून नेला. आमच्या देशावरच्या गावांत वेशीवरचे वीरगळ ऊनपावसात झिजले, तरी ते कोणी रातोरात उपटून नेले असे आम्ही ऐकिलेले नाही.

१३ एप्रिल १९९० रोजी, जर्मन घोषणेस बरोबर सत्तेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, सोव्हिएट सरकारने अपराध आपल्या गुप्त पोलिसांचा असल्याचे मान्य केले. १९९२ च्या ऑक्टोबरात मूळ कागद पोलंडच्या स्वाधीन झाले. त्यांत ५ मार्चचा ठराव होता व २१,८५७ माणसे मारल्याचा हिशेबही होता. कातिन, खार्कोव्ह व कालिनिन येथे तिन्ही छावण्यांतील आणि इतरत्र तुरुंगांतील मिळून ही संख्या होय. पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीचा अस्त झाल्यावर आंदेर्स यांचे नागरिकत्व त्यांस मरणोत्तर परत मिळाले. जानेवारी २००६ मध्ये युरोपीय परिषदेच्या संसदीय सभेने एकपक्षीय कम्युनिस्ट राजवटींच्या अपराधांचा निषेध करणारा ठराव संमत केला; परंतु सभासद सरकारांनी त्यावर पुढे काय करावे हे सांगणाऱ्या सूचनेस आवश्यक तेवढी मते पडली नाहीत. २००९ साली युरोपीय संसदेने २३ ऑगस्ट, म्हणजे त्या दुहेरी कराराचा दिवस, दोन्ही प्रकारच्या जुलमी सत्तांच्या बळींचा स्मरणदिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियन संसदेने हत्येची आज्ञा स्टालिनचीच होती असे जाहीर केले.

इतके झाले तरी एकाही मारेकऱ्यास शिक्षा झाली नाही. रशियन सरकारी चौकशी २००४ साली बंद करण्यात आली. कालिनिन शहराचे आजचे नाव त्वेर. तेथील जुन्या पोलीस कचेरीच्या भिंतीवर मृतांच्या स्मरणार्थ बसविलेले फलक मे २०२० मध्ये काढून टाकण्यात आले. अशा बळींची नावे अनेक वर्षे जमविणारी मेमोरियल ही रशियन संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आज्ञेने मोडीत निघाली. दिलेली कबुली परतही घेता येते, हे यावरून दिसते.

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील की, आपल्या नाशिक जिल्ह्यातही लाल बावटा आहे, त्याचे काय? इ. स. २०१८ च्या मार्चमध्ये आदिवासी व शेतकरी बांधव नाशिकहून मुंबईपर्यंत उन्हात, रक्ताळलेल्या पायांनी चालत गेले, ते कसत असलेल्या जमिनीचा हक्क मागावयास. त्यांची मागणी न्यायाची होती व तिला आमचा विरोध नाही. मॉस्कोच्या कागदावरील सहीचा जाब सुरगाण्याच्या शेतकऱ्यास विचारणे हा अन्यायच होईल. परंतु त्या बावट्याचा इतिहास शिकविणाऱ्यांनी कातिनचे पान गाळून शिकवू नये, इतके म्हणण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवितो. आमच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काळी पानेही आम्हांस कोणी गाळू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या स्मारकास, कोल्हापूरच्या उपकारांच्या स्मारकास आणि मोन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकास पुष्पचक्रे वाहिली. वळिवड्यात वाढलेली मुले पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. त्यांपैकी जी वार्धक्यापर्यंत पोहोचली, त्यांतील काही आपले बालपण पाहावयास कोल्हापुरास येऊन गेली. तेथील ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश कबरींचा अलीकडे जीर्णोद्धार झाला आहे. आपल्या धर्मग्रामातील कोणी कामानिमित्त वा महालक्ष्मीच्या नगरीतील सोयऱ्यांकडे जाणार असेल, तर त्याने त्या कबरींशी थोडा वेळ थांबून मृतांसाठी एक प्रार्थना म्हणावी. आणि २ नोव्हेंबरच्या, सर्व मृत भाविकांच्या मिस्सेपूर्वी ज्यांस त्या नावांपैकी एखादे उतरवून आणिता येईल, त्यांनी ते आमच्याकडे द्यावे. आपल्या मृतांच्या नावांबरोबर तेही वाचण्यात येईल.